अडलेला विद्यार्थी आणि त्याचा उड्डाणशिक्षक

कोल्हापूर शहराबाहेर उजळाईवाडीच्या माळावर १९३९ सालीं, छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, विमानतळ झाला, तेव्हां विमान ही करवीरच्या घरांतून मान वर करून कौतुकानें पाहण्याची वस्तु होती. १० मार्च २०२४ रोजीं त्याच विमानतळाच्या नव्या इमारतीचें उद्घाटन झालें. मधल्या पंचाऐंशीं वर्षांत विमानांत बसणें ही मध्यम स्थितींतील कुटुंबांसही नवलाची गोष्ट राहिली नाहीं. आणि अलीकडे तर आणखी एक पाऊल पुढें पडलें आहे. बारावीची परीक्षा संपते न संपते तोंच घरांतील मुलगा किंवा मुलगी ‘मी वैमानिक होणार’ असें म्हणूं लागते, आणि वडील मंडळी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसतात.

हा हिशेब मोठा असतो. व्यावसायिक परवान्यासाठीं २०० तासांचें उड्डाण लागतें. वैद्यकीय तपासणी, हवामानशास्त्र, मार्गनिर्णय, हवाई नियम वगैरे विषयांच्या लेखी परीक्षा ह्या वेगळ्याच. शिकण्यासाठीं मुलाला बारामती, धुळें, गोंदिया किंवा सीमेपलीकडे बेळगांव येथें ठेवावें लागतें. एकूण खर्च पन्नास लाखांच्या आसपास जातो, म्हणजे पुष्कळ घरांत तो राहत्या घरावरील कर्जाशिवाय उभा राहत नाहीं. ह्या सर्व गोष्टींची चौकशी आपले लोक चोखपणें करतात. एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. मुलगा शिकतां शिकतां मध्येंच अडला, तर त्याला शिकविणारा मनुष्य काय करील? आमच्या मतें सर्व हिशेबाचा पाया ह्याच प्रश्नाच्या उत्तरावर आहे, म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

अडणारे विद्यार्थी सर्वच विद्यांत असतात. शाळेंत असा विद्यार्थी मागच्या बांकावर जाऊन बसतो, मार्च महिना येईपर्यंत त्याची वार्ता कोणास लागत नाहीं, आणि लागली तरी चार गुणांची कृपा करून त्याला वरच्या वर्गांत ढकलतां येतें. हवेंत ही सोय नाहीं. तेथें शिक्षक विद्यार्थ्याच्या शेजारींच बसलेला असतो व विद्यार्थ्याची चूक दोघांच्याही जिवावर बेतूं शकते. शिवाय इंजिन चालू झाल्यापासून प्रत्येक मिनिटास पैसे पडत असतात. अशा स्थितींत ‘हा मुलगा मंद आहे’ एवढें म्हणून शिक्षकाचें काम भागत नाहीं. तो कोठें अडला व कां अडला, हें त्याला शोधावेंच लागतें. ह्या निकडीमुळें अडलेल्या विद्यार्थ्यास हाताळण्याची कला ह्या धंद्यांत फार बारकाईनें वाढली आहे.

ही कला आरंभापासून नव्हती. पहिल्या महायुद्धांत इंग्लंडमध्यें घाईघाईनें वैमानिक तयार करण्यांत येत, तेव्हां शिकतांनाच प्राण गमावणाऱ्या तरुणांची संख्या मोठी होती. शिकविणारे पुष्कळदां रणभूमीवरून थकून परत आलेले वैमानिक असत. त्यांना उडतां येई. परंतु आपण काय करतों तें शब्दांत सांगतां येत नसे. १९१७ सालीं गॉस्पोर्ट येथें रॉबर्ट स्मिथ-बॅरी ह्या अधिकाऱ्यानें ही व्यवस्था मुळापासून बदलली. त्यानें प्रथम शिक्षकांसच शिकविलें. ‘आव्रो ५०४’ ह्या दोन आसनांच्या विमानांत गुरुशिष्य दोघांच्याही हातीं सुकाणूं दिलें. इंजिनाच्या गोंगाटांतून शिक्षकाचा शब्द विद्यार्थ्याच्या कानांत पडावा म्हणून बोलण्याची नळी बसविली. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, विद्यार्थ्यास संकटापासून दूर ठेवण्याची जुनी रीति त्यानें सोडून दिली. विमान गिरक्या घेत खालीं येऊं लागलें तर काय करावयाचें, हें तो भरपूर उंचीवर नेऊन मुद्दाम दाखवी व विद्यार्थ्याकडून करवून घेई. भीतीचें मूळ पुष्कळदां अज्ञानांत असतें, आणि संकटांतून बाहेर पडण्याची वाट ज्यास ठाऊक आहे त्याचा हात स्थिर राहतो, हें त्या रीतीचें सार होय. आपल्याकडे जुहूस १९२८ सालीं बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला, व १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांस हिंदुस्थानांत दिला गेलेला पहिला परवाना मिळाला. तेव्हांपर्यंत ही पद्धति जगभर रूढ होऊं लागली होती.

आतां विद्यार्थी बहुधा कोठें अडतात तें पाहूं. बाहेरच्या माणसास वाटतें, विमान वर नेणें कठीण असेल. प्रत्यक्षांत तें कठीण नाहीं. कठीण आहे तें खालीं उतरविणें. शिकाऊ विमान तासास सुमारें एकशेंवीस किलोमीटर वेगानें धांवपट्टीकडे येतें. जमिनीपासून दहा-वीस फुटांवर आलें म्हणजे त्याचें नाक हळूहळू उचलून, खालीं येण्याची गति मोडून, मागचीं दोन चाकें प्रथम अलगद टेकवावयाचीं असतात. ह्या क्रियेस ‘फ्लेअर’ म्हणतात. ती तीन-चार सेकंदांत आटोपते. नाक लौकर उचललें तर विमान उंचावरच लोंबकळतें व धपकन् खालीं बसतें. उशिरां उचललें तर आदळून चेंडूसारखें उसळतें. दहा-पंधरा तास शिकून झाले, बरोबरीचे मित्र एकटे उडून आले, त्यांचे फोटो घरोघर पोंचले, आणि आपलें विमान मात्र रोज आदळतेंच आहे, अशा अवस्थेंत सांपडलेला विद्यार्थी प्रत्येक उड्डाणशाळेंत असतो. ‘तुझें एकट्याचें उड्डाण झालें कां?’ असा फोन रोज रात्रीं घरून येत असल्यास त्याच्या दुःखास पारावार राहत नाहीं.

कच्चा शिक्षक येथें एकच उपाय करतो. तोच प्रयोग पुनःपुन्हां करावयास लावतो, व प्रत्येक वेळीं आवाज थोडा चढवितो. जाणता शिक्षक प्रथम विद्यार्थ्याच्या डोळ्यांकडे पाहतो. मुलगा चाकांजवळची जमीन पाहत असेल, तर ती त्याच्या अंगावर धांवून आल्यासारखी भासते व तो दचकून नाक उचलतो. त्याची नजर पट्टीच्या दूरच्या टोंकाकडे नेली कीं जमीन किती जवळ आली हें त्याला आपोआप कळूं लागतें. मग शिक्षक त्याच्या बैठकीकडे पाहतो. हें कारण ऐकून हंसूं येईल, पण तें अगदीं खरें आहे. मुलगा बुटका असेल व एके दिवशीं एक उशी, दुसऱ्या दिवशीं दोन उशा घेऊन बसत असेल, तर समोरचें दृश्य त्याला रोज निराळें दिसतें, व कालचा धडा आज लागू पडत नाहीं. उशी कायमची ठरवून दिल्यावर पुष्कळ गोष्टी जागच्या जागीं येतात. मग हाताची मूठ. भ्यालेला मुलगा सुकाणूं आवळून धरतो, आणि आवळलेल्या मुठीला विमानाचें सूक्ष्म बोलणें ऐकूं येत नाहीं. त्याला दोन बोटांनीं सुकाणूं धरावयास सांगतात. तो घड्याळांच्या कांट्यांकडेच पाहत राहत असेल, तर शिक्षक वेग दाखविणाऱ्या यंत्रावर कागदाचा तुकडा लावून टाकतो. मग झक मारत बाहेर पाहावेंच लागतें.

इतक्यानेंही न जमलें तर धडा फोडावयाचा असतो. उतरणें ही एक क्रिया दिसली तरी तींत वेग सांभाळणें, दिशा सांभाळणें, उंचीचा अंदाज आणि वाऱ्याची जाण अशा निदान चार क्रिया एकत्र गुंफलेल्या आहेत. धांवपट्टी पुरेशी लांब असेल व परवानगी मिळाली, तर शिक्षक विमान उतरवूं न देतां पट्टीच्या लांबीनें कांहीं फुटांवरून सरळ नेण्यास सांगतो, व टोंक येण्यापूर्वीं पुन्हां वर चढवितो. तीन-चार सेकंदांचा क्षण अशा रीतीनें लांबविला जातो, आणि घाईंत न दिसलेली गोष्ट मुलाला निवांतपणें दिसते. कधीं इंजिनाचें काम शिक्षक स्वतःकडे घेतो व नाक उचलण्याचेंच काम मुलाकडे ठेवतो. चार ओझीं एकदम न उचलणारा मुलगा एकेक ओझें सहज उचलतो.

कांहीं कारणें विमानाच्या बाहेरचीं असतात. दख्खनच्या माळावर उन्हाळ्यांत दुपारीं तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात व हलकें विमान त्यांवर हिंदकळतें. अशा वेळीं नवशिक्याच्या हाताला यश येत नाहीं; तोच मुलगा सूर्योदयाच्या शांत हवेंत नेला तर निराळाच भासतो. पावसाळ्यांत कित्येक दिवस उड्डाण होत नाहीं व हातची विद्या पुसट होते. तेव्हां ढगांनीं केलेल्या अपराधाचा दंड मुलाच्या बुद्धीस करणें अन्याय होय. आमच्या भागांतील मुलांची आणखी एक अडचण आहे. शाळा मराठींतून झालेली असते, आणि हवेंतून नियंत्रणकक्षाशीं बोलणें इंग्रजींत, ठराविक शब्दांत व झटपट करावें लागतें. उत्तर काय द्यावें ह्या विवंचनेंत मुलाचें अर्धें मन गुंततें, व विमानाकडे लक्ष द्यावयास उरलेलें अर्धें पुरत नाहीं. चांगला शिक्षक हें ओळखून त्याला तीं वाक्यें जमिनीवर, चालतां चालतां, शंभर वेळां म्हणावयास लावतो. खुर्चीवर बसून, डोळे मिटून, सर्व क्रिया क्रमानें हातानें करून पाहण्याची जी संवय विद्यार्थी लावून घेतात, तीही अशीच बिनखर्चाची व फार गुणकारी आहे.

कधीं कधीं मात्र कारण कांहींच सांपडत नाहीं. मुलगा शिकत होता तो एकाएकीं थांबला, एवढेंच दिसतें. ह्याचा उलगडा विमानाच्या जन्मापूर्वींच झाला होता. १८९७ सालीं अमेरिकेंत ब्रायन व हार्टर ह्या दोघा संशोधकांनीं तारायंत्रावर काम शिकणाऱ्या उमेदवारांच्या प्रगतीच्या रेषा काढून प्रसिद्ध केल्या. तारेचा संदेश ऐकून घेण्याच्या कामांत प्रगति कांहीं आठवडे भराभर होई, मग रेषा बराच काळ सपाट चाले, व त्यानंतर ती पुन्हां वर चढे. त्या सपाट काळांत मनाच्या आंत सुट्या अक्षरांचे शब्द व शब्दांचीं वाक्यें बांधलीं जात असतात, असा त्यांनीं अर्थ लाविला. उड्डाणाच्या शिक्षणांतही असें पठार येतें. तें पुढें येणार आहे असें ज्या विद्यार्थ्यास शिक्षकानें अगोदर सांगितलें असेल, तो तेथें धीर धरतो. ज्यास सांगितलेलें नसतें, तो आपणांत कांहीं कमी आहे असें समजून खचतो. अशा वेळीं दोन दिवस विश्रांति देणें, किंवा उतरण्याचा नाद सोडून एखादा दूरचा मार्ग आक्रमून येणें, ह्याचा उपयोग होतो.

आतां ओरडण्याविषयीं. रागावल्यावांचून विद्या येत नाहीं असा आपल्याकडे जुना समज आहे. १९०८ सालीं यर्क्स व डॉडसन ह्यांनीं उंदरांवर प्रयोग केले. धडा सोपा असेल तर जोराच्या विजेच्या धक्क्यानें उंदीर लौकर शिकत. धडा अवघड असला म्हणजे मात्र सौम्य धक्काच अधिक उपयोगी पडे. उंदरांवरून माणसांचा सिद्धान्त बांधणें धाडसाचें खरें. पण उड्डाणशिक्षकांचा अनुभव ह्याच दिशेचा आहे. ओरडल्यानें मुलाचे कान बंद होतात, नजर एका ठिकाणीं खिळते आणि मूठ आवळली जाते. तसेंच, न बोलतां त्याच्या हातांतून सुकाणूं हिसकावून घेणें वाईट. ‘आय हॅव कंट्रोल’ असें स्पष्ट म्हणून ताबा घ्यावा व ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणून परत द्यावा, असा नियम आहे. तो सुरक्षिततेसाठीं तर आहेच, पण त्यांत विद्यार्थ्याचा मानही राखला जातो. शिवाय ताबा किती उशिरां घ्यावा, ह्यांत शिक्षकाची परीक्षा असते. फार लौकर घेतला तर मुलाला स्वतःची चूक सुधारण्याची संधि मिळत नाहीं. फार उशिरां घेतला तर चाकें मोडतात.

कोल्हापूरच्या वाचकांस येथें तालमीची आठवण होणें साहजिक आहे. आमच्या गांवचा वस्तादही अडलेल्या पठ्ठ्याची नाडी ओळखतो. कोणाला मेहनत वाढवून द्यावी, कोणाला चार दिवस हौद्यापासून दूर ठेवावें, हें त्याला सांगावें लागत नाहीं. पण वस्ताद शेवटचा डाव स्वतःजवळ राखून ठेवतो, अशी म्हण आहे. उड्डाणशिक्षकास ती चैन परवडत नाहीं. एके दिवशीं त्याला विमानांतून खालीं उतरून दरवाजा लावून घ्यावयाचा असतो व शिष्यास एकट्यास वर पाठवावयाचें असतें. राखून ठेवलेला एकही डाव त्या वेळीं शिष्याच्या प्राणाशीं गांठ घालील. तालमीच्याच इतिहासांत दुसराही एक धडा आहे. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले, व १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. लंडनला त्यांच्या अंगांत बळ कमी नव्हतें. मातीवरचा मल्ल गादीवर, परक्या नियमांनीं लढत होता. अपयश कोठून आलें हें अचूक ओळखलें गेलें, म्हणून चार वर्षांत त्याचा निकाल फिरला.

कारण शोधतांना शिक्षकास शेवटीं एक अप्रिय शक्यता तपासावी लागते, ती म्हणजे कारण तो स्वतःच असेल. एकाची सांगण्याची तऱ्हा दुसऱ्याच्या समजण्याच्या तऱ्हेशीं जुळत नाहीं, ह्यांत कोणाचाच कमीपणा नसतो. म्हणून चांगल्या शाळांत अडलेल्या विद्यार्थ्याबरोबर दुसरा शिक्षक एक-दोन उड्डाणें करून पाहतो. कित्येकदां जी गांठ दहा तासांत सुटली नाहीं, ती दुसऱ्याच्या एका वाक्यानें सुटते. जो शिक्षक हें सुचवितो तो आमच्या मतें मोठ्या मनाचा; जो ‘माझा विद्यार्थी’ म्हणून त्याला अडवून ठेवतो, तो मुलाचें आणि त्याच्या बापाच्या पैशाचें नुकसान करतो.

ह्या सर्वांनंतरही कांहीं थोडे विद्यार्थी असे राहतात, कीं त्यांना ही विद्या साधत नाहीं, किंवा साधावयास लागणारा काळ व पैसा त्यांच्या आवांक्याबाहेरचा असतो. त्यांस ‘थांब’ म्हणणें हें शिक्षकाचें सर्वांत कठीण कर्तव्य होय. भारतीय वायुसेनेंत ह्याची सोय पद्धतशीर आहे. वैमानिक होऊं इच्छिणाऱ्यांची जी कलचांचणी असते, ती आयुष्यांत एकदांच देतां येते. आणि पुढें उड्डाणाच्या शिक्षणांत जो टिकत नाहीं, त्याला सेनेंतील दुसऱ्या शाखेकडे वळवितां येतें. शिक्षकांस शिकविणारी वायुसेनेची संस्था १९४८ पासून चालत आहे व १९५४ पासून ती तांबरम् येथें आहे. खासगी शिक्षणांत मात्र ‘थांब’ म्हणणारा मनुष्य शाळेचें उत्पन्नच कमी करीत असतो, व ऐकणारा पन्नास लाखांच्या ओझ्याखालीं असतो. त्यामुळें दोघेही गप्प राहण्याचा मोह मोठा असतो. हा मोह टाळणारा शिक्षक कडू बोलला तरी हितकर्ता समजावा. पंचवीस तासांवर ऐकलेला नकार घर वाचवितो. दीडशें तासांवर ऐकलेला घर बुडवितो. आणि नकार म्हणजे विमानविद्येचें दार बंद होणें असेंही नव्हे. हवाई वाहतुकीचें नियंत्रण, विमानांची देखभाल, उड्डाणांचें नियोजन हीं कामें तितकींच जबाबदारीचीं असून त्यांस लागणारे गुण निराळे आहेत.

आतां घरच्या मंडळींनीं काय करावें? प्रवेश घेण्यापूर्वीं शाळेची विमानें किती व फी किती हें विचारावेंच. पण अडलेल्या विद्यार्थ्यासाठीं येथें काय करतात, शिक्षक बदलून मिळतो कां, प्रत्येक उड्डाणानंतर शिक्षक मुलाबरोबर बसून काय चुकलें तें सांगतो कां, तें लिहून ठेवतो कां, हेंही विचारावें. ह्या प्रश्नांनीं जी शाळा रुष्ट होते तिची परीक्षा तेथेंच झाली. ‘एकट्याचें उड्डाण झालें कां?’ हा प्रश्न मुलाला रोज विचारूं नये. ‘आज काय शिकलास?’ हा विचारावा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर होय किंवा नाहीं एवढेंच असतें, आणि तें ‘नाहीं’ असलें म्हणजे मुलगा फोन उचलण्याचें टाळूं लागतो. किती तासांवर थांबून फेरविचार करावयाचा, हें पैसे भरण्यापूर्वींच शांत मनानें ठरवून ठेवावें. संकटांत ठरविलेलें सहसा नीट ठरत नाहीं. आणि मुलगा परत आला तर त्याला घरांत पूर्वींच्याच मानानें वागवूं, हें त्याला जाण्यापूर्वींच सांगावें. ज्याला परतीची वाट ठाऊक आहे त्याचा हात स्थिर राहतो, हें गॉस्पोर्टला एका शतकापूर्वीं कळलें होतें.

उड्डाण शिकणारीं मुलें आपल्या समाजांत मोजकींच असणार. पण गणितांत अडलेला, इंग्रजींत अडलेला, तंबोऱ्यावर सूर न लागणारा मुलगा प्रत्येक घरांत आहे. त्याच्यापुढें बसतांना आपण आवाज चढविण्याआधीं त्याची उशी किती उंच आहे, हें एकदां पाहून घेतलें, तर बराच गोंगाट वाचेल.